लाकडी म्हणताय, तर ट्रॅक कशाचा तेही सांगा

प्रति,
मा. व्यवस्थापक मंडळ,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मनोरंजन उद्यानाचं नाव मी वर मुद्दाम घातलेलं नाही. पत्र हातात पडल्यावर तुम्हाला कळेलच, आणि यंदा ज्यांनी कुंपणाबाहेरून टाचा उंचावून आत डोकावून पाहिलंय त्यांनाही कळेल. बाकीच्यांनी उगाच नावं ठेवू नयेत.

गेल्या आठ महिन्यांत मी तुम्हाला तुमच्या लाकडी रोलर कोस्टरबद्दल तीन ई-मेल पाठवले. तिन्हींना दोन मिनिटांत उत्तर आलं आणि तिन्ही उत्तरं अक्षरशः सारखी होती: तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. दोन मिनिटांत कुणी पत्र वाचून त्याचं मोल ठरवत नसतं, एवढं मलाही कळतं. म्हणून आता उघड लिहिते आहे. इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयात वेगळी दिली आहे. मराठीत लिहायचं कारण असं की तुमच्या रांगेत माझ्या मागेपुढे उभे राहणारे आणि पहिल्या उतारावर शुद्ध मराठीत "आई गं" ओरडणारे लोक पुष्कळ आहेत. ते मला विचारतात, "आपल्या कोस्टरचं काय करतायत गं हे?" आणि मला सांगता येत नाही.

आधी काय घडलं ते. मागच्या हंगामाच्या शेवटच्या रविवारी मी शेवटच्या डब्यात बसले होते. गाडी थांबली, मांड्यांवरचा दांडा (लॅप बार) उचलणारा मुलगा "पुढच्या हंगामात भेटू" म्हणाला आणि मी हसून उतरले. नवा हंगाम उघडला तेव्हा गाडीत चढायच्या स्टेशनच्या पायऱ्यांपुढे हिरव्या जाळीचं कुंपण होतं. कुंपणावर काळा फलक, फलकावर उतारावरून झेपावणाऱ्या गाडीची आकृती आणि खाली एक ओळ: लाकडी थराराचा नवा अवतार, लवकरच. तारीख नाही. ट्रॅक कोण बांधतंय, जुना दुरुस्त होतोय की जातोय, काही नाही.

जाळी एका खांबापाशी सुटली होती. (बांधून घ्या, लहान मुलं आत शिरतील.) तिथून पहिल्या उताराचा तळ दिसतो, गाडीचा सगळा भार जिथे एकदम येऊन आदळतो ती जागा. तीन माणसं पहारी घालून ट्रॅकचे थर उचकटत होती. त्यांनी कडेला फेकलेली एक फळी माझ्यापासून दहा पावलांवर येऊन पडली. वरची बाजू काळी, ग्रीस मुरलेली. खिळ्यांची भोकं गोल राहिली नव्हती. बदामासारखी लांबट झाली होती आणि प्रत्येक भोकापासून गंजाचा तांबडा ओघळ निघाला होता. माझे वडील सुतार होते. त्यांनी ती फळी उचलली असती, भोकावरून अंगठा फिरवला असता आणि म्हणाले असते, "खिळा हलत होता. बरेच दिवस."

हे "बरेच दिवस" मला तुमच्याशी बोलायचं आहे. पण हे पत्र असेही लोक वाचतील ज्यांना लाकडी कोस्टर म्हणजे नुसता खडखडाट वाटतो, त्यांच्यासाठी थोडं सांगते.

लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे अखंड तुळई नसते. फळीवर फळी, साधारण सात-आठ थर, एकावर एक ठोकून तो घडवतात. वरचे दोन थर जास्त रुंद, ओठासारखे पुढे आलेले. त्यांच्यावर पोलादाची चपटी पट्टी, तिच्यावरून मुख्य चाकं धावतात. कडेला दुसरी पट्टी, तिला बाजूची चाकं टेकतात. आणि त्या ओठाच्या खालून तिसरी चाकं जातात. उंचवट्यावर गाडी उडू पाहते तेव्हा तिला खाली धरून ठेवणं हे त्यांचं काम. कोस्टर बांधणारे जॉन मिलर यांनी १९१९ साली त्यांचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या कोस्टरांना ती नव्हती. पेनसिल्व्हेनियात ऑल्टूनाला १९०२ साली बांधलेला लीप-द-डिप्स तसाच आहे, म्हणून त्याचे चढउतार बेताचे. मिलरच्या चाकांनंतर बांधणाऱ्यांचा हात मोकळा झाला. बूड बाकावरून सुटतं, मांड्या बारला लागतात आणि पोटात कुणीतरी जिना काढून घेतल्यासारखं होतं, ज्याला आपण एअरटाइम म्हणतो, तो एवढा जोरकस मिळतो तो या न दिसणाऱ्या चाकांमुळे.

म्हणजे चाक पोलादाच्या पट्टीवरच धावतं. मग लाकडाचं एवढं काय? पट्टीखाली जे आहे ते दबतं आणि परत येतं. सांगाडा वळणावर डोलतो, तो डोलावा अशाच हिशेबाने बांधलेला असतो. त्यामुळे तीच गाडी सकाळी गार हवेत एक आणि दिवसभर चाकं तापल्यावर दुसरी वाटते. शेवटच्या डब्यात बसणाऱ्यांना विचारा, ते दिवसातली कोणती फेरी चांगली हे पंचांग सांगितल्यासारखं सांगतील.

पण दबणाऱ्या लाकडाची कुणीतरी देखभाल करावी लागते. दोन चढांमधल्या दरीच्या तळाशी भार आला की थर एकमेकांवर सरकू बघतात. खिळ्याचं भोक वाढतं, पाणी शिरतं, थर सुटतात, दोन रुळांमधलं अंतर केसभर वाढतं. तेवढ्या फटीत गाडी डावी-उजवीकडे आपटत जाते आणि दर फेरीला तोच खड्डा थोडा आणखी खोल होतो. रस्त्यावरचा खड्डा कसा वाढतो ते आपल्याला शिकवायला नको. उपाय जुना आहे: दरवर्षी बंद हंगामात जिथे झीज जास्त तिथले थर काढायचे आणि नवे ठोकायचे. याला रीट्रॅकिंग म्हणतात. कंटाळवाणं, खर्चाचं, आणि जाहिरातीत न दिसणारं काम.

आता तक्रारी.

पहिली दुर्लक्षाची. तिसऱ्या टेकडीनंतरची दरी तीन हंगाम खराब होती. पहिल्या वर्षी तिथे दात वाजायचे. दुसऱ्या वर्षी जाणकार लोक चाकावरची बाकं टाळून डब्यातल्या मधल्या बाकासाठी आपला नंबर मागच्याला देऊ लागले. तिसऱ्या वर्षी तुम्ही फळ्या बदलायच्या ऐवजी टेकडीच्या माथ्यावर ब्रेक बसवलात. गाडी हळू गेली, धक्का कमी झाला, आणि टेकडीवरचा एअरटाइमही गेला. म्हणजे दुखणं तळाशी आणि पट्टी माथ्याला. मग लोक "आता पूर्वीसारखी मजा नाही" म्हणू लागले, रांग आखडली, आणि तुमच्याच पत्रकात वाक्य आलं की पाहुण्यांचा प्रतिसाद घटल्याने नव्या पर्यायाचा विचार सुरू आहे. प्रतिसाद आपोआप घटला नव्हता, साहेब.

हे वेगळ्या रीतीनेही करता येतं. ओहायोतल्या किंग्ज आयलंडचा द बीस्ट १९७९ पासून चालू आहे आणि जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर आहे. २०२२ च्या हंगामाआधी तिथे ग्रॅव्हिटी ग्रुप या कोस्टर बांधणाऱ्या कंपनीकडून दोन हजार फुटांहून जास्त ट्रॅक बदलून घेतला, पहिला उतार जरा उभा केला, आणि काय केलं ते लोकांना आधीच सांगितलं. त्याच उद्यानात उलटं उदाहरणही आहे, तेही सांगायला हवं. २००० साली उघडलेल्या सन ऑफ बीस्टच्या सांगाड्यातलं लाकूड २००६ साली तुटलं, ट्रॅकमध्ये खड्डा पडला आणि २७ जण जखमी झाले. २००९ नंतर तो चाललाच नाही, २०१२ साली पाडला. तेव्हा "जुनं आहे तसंच राहू द्या" असं मी म्हणणार नाही. खिळा हलत असेल तर गाडी थांबवा. फक्त खिळा हलायला लागल्याच्या पहिल्या वर्षी थांबवा.

दुसरी तक्रार शब्दाची, आणि ही माझ्या मते सगळ्यांत मोठी.

फलकावर तुम्ही "लाकडी" लिहिलंय. आजच्या घडीला त्या एका शब्दाआड निदान पाच वेगळ्या गोष्टी लपू शकतात आणि बसणाऱ्याला त्या पाच वेगळ्या लागतात. एक, जुनी रीत: फळ्या जागेवर वाकवायच्या आणि ठोकायच्या. दोन, ग्रॅव्हिटी ग्रुप करतं तसा आधी कापलेला ट्रॅक. यात फळी जबरदस्तीने वाकवत नाहीत, वळणाच्या आकारातच यंत्रावर कापून आणतात, त्यामुळे ती परत सरळ व्हायला धडपडत नाही आणि आकार जास्त टिकतो. तीन, इंटामिन कंपनीचा कारखान्यात थर चिकटवून केलेला ट्रॅक, जो तयार तुकड्यांत येतो आणि पोलादी कोस्टरसारखा बोल्टने जोडतात. न्यू जर्सीचा एल टोरो (२००६) असा आहे आणि त्याची गुळगुळीत चाल पाहून पहिल्यांदा मला हे लाकूड आहे हेच पटलं नव्हतं. पण असा ट्रॅक झिजला की गावच्या सुताराने चार फळ्या बदलायचं काम उरत नाही. जर्मनीत हाइडे पार्कचा कोलोसस २०१६ ला बंद पडला तो नवा ट्रॅक घालून २०१९ ला उघडला. चार, रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शनचा टॉपर ट्रॅक: खाली लाकडाचे थर तसेच, वरच्या थरांच्या जागी पोलाद. मिझुरीचा आउटलॉ रन (२०१३) त्यावर धावतो. पाच, ग्रेट कोस्टर्स इंटरनॅशनलचा टायटन ट्रॅक, जो लाकडी सांगाड्यावर बसतो पण स्वतः पूर्ण पोलादी असतो. आणि सहावी शक्यता मी पाचात धरलीच नाही, कारण तिला लाकडी म्हणणं म्हणजे थट्टा आहे: जुना लाकडी सांगाडा ठेवून त्यावर रॉकी माउंटनचा आय-बॉक्स हा पोलादी ट्रॅक चढवणं.

तुमच्या जनसंपर्क विभागातल्या एका बाईंनी फोनवर मला समजावलं की सांगाडा लाकडाचा असला की कोस्टर लाकडीच. नाही हो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा सायक्लोन १९२७ पासून उभा आहे, त्याचा सांगाडा पोलादाचा आहे आणि तरी जगभर त्याला लाकडी कोस्टर म्हणतात. का, तर त्याचा ट्रॅक लाकडी थरांचा आहे. घर कशाचं ते छपराला टेकू कशाचा दिलाय यावरून ठरवत नाहीत. (हा दाखला वडील ऐकते तर म्हणाले असते, छपरावरूनही ठरवत नाहीत. असो.)

मी पोलादाच्या विरोधात नाही, हे ठळक लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी मला "जुन्याला चिकटून बसलेली बाई" म्हटलं जाईल. १९९० चा टेक्सस जायंट २०११ मध्ये आय-बॉक्सवर नवा होऊन आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. सीडर पॉइंट उद्यानातला मीन स्ट्रीक हाडं खिळखिळी करायचा, २०१८ पासून तो स्टील व्हेंजन्स आहे आणि त्याच्यासाठी माणसं समुद्र ओलांडून येतात. त्या नावात "स्टील" आहे हे बघा. टेनेसीतल्या डॉलीवूडचा लाइटनिंग रॉड तर सगळ्यांत वेगवान लाकडी कोस्टर म्हणून मिरवत होता. टॉपर ट्रॅकचं दुखणं संपेना तेव्हा ५७ टक्के ट्रॅक आय-बॉक्सचा करणार असं त्यांनी आकड्यासकट जाहीर केलं आणि करून दाखवलं. लाकडी विक्रमाचा मान गेला. लोक गेले नाहीत. ५७ हा आकडा सांगायला हिंमत लागते, तुमच्या फलकावर तर एकही आकडा नाही.

तिसरी तक्रार छोटी आहे पण मला ती सगळ्यांत जास्त लागली. तुम्ही निरोप घेऊ दिला नाहीत. शेवटच्या रविवारी तुम्हाला ठाऊक होतं, बार उचलणाऱ्या त्या मुलाला बहुतेक नव्हतं. मला माहीत असतं तर मी संध्याकाळी आणखी तीनदा रांगेत उभी राहिले असते, पुढच्या बाकावरून एक फेरी घेतली असती आणि चढणीचा आवाज नीट ऐकला असता. गाडी साखळीवर चढताना खालची खिटी एकेका दातावरून घसरते तो टक्, टक्, टक्. साखळी तुटलीच तर गाडी मागे येऊ नये म्हणून असते ती खिटी. एकोणीस वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीने मला हाताला धरून पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी डोळे मिटून ते टक्टक् मोजत होते. एकशे बारावर चुकले आणि डोळे उघडले तर समोर रूळच नव्हता, नुसतं आकाश. त्यानंतर मी इतक्या वेळा मोजायला बसले आणि एकदाही शेवटपर्यंत मोजू शकले नाही. आता नवी गाडी, नवी साखळी आली तर तो आवाज राहील का, हेसुद्धा तुम्ही सांगितलेलं नाही.

आणि चौथी, ताटकळत ठेवण्याची. उत्सुकता वाढवणं हा तुमचा धंदा आहे, त्याबद्दल राग नाही. नव्या कोस्टरची वाट बघण्यात आम्हालाही मजा येते, आम्ही कुंपणापलीकडच्या गठ्ठ्यांच्या लांबीवरून अंदाज बांधणारी माणसं आहोत. पण आमची भाची दोन वर्षं तुमच्या उंची मोजायच्या ४८ इंचाच्या पट्टीखाली उभी राहून बोटभर कमी पडत होती. यंदा पुरली. कुंपणापुढे तिने फलक वाचला आणि विचारलं, "लवकरच म्हणजे माझ्या वाढदिवसाच्या आधी की नंतर?" तुम्ही सांगा, मी तिला काय सांगू? त्या आकृतीतली गाडी झेप घेताना दिसते, तिची चाकं कशावर आहेत ते आकृतीत नेमकं काळं केलेलं आहे. हा योगायोग असेल तर चांगलंच आहे.

एक गोष्ट तक्रार म्हणून नाही, चिंता म्हणून. पहाटे उद्यान उघडायच्या आधी हातोडी घेऊन सगळा ट्रॅक चालत जाणारी तुमची माणसं मी पाहिली आहेत. कडेच्या अरुंद फळीवरून, एका हाताने कठडा धरून, सैल खिळा दिसला की ठोकत. त्यांना कुठली दरी बोलते, कुठलं वळण कुरकुरतं हे कानाने कळतं. पोलादी ट्रॅक आला तर त्या माणसांना तुम्ही नवं काम शिकवणार आहात की घरी पाठवणार?

माझ्या मागण्या या.

ट्रॅक कुठल्या पद्धतीचा आहे आणि कुणाचा आहे ते पुढच्या महिन्याभरात जाहीर करा. थोडा लाकडी आणि थोडा पोलादी असेल तर कुठून कुठवर काय, ते नकाशावर दाखवा. वर्ल्ड्स ऑफ फन या उद्यानात झांबेझी झिंगर २०२३ साली लाकूड आणि टायटन ट्रॅक असा मिसळूनच बांधला, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मिश्र असणं हा गुन्हा नाही.

चाकांच्या पट्टीखाली लाकडाचे थर नसतील तर फलकावरचा आणि तिकिटावरचा "लाकडी" शब्द काढा. "हायब्रिड" लिहा, आम्हाला कळतो.

ट्रॅक लाकडीच राहणार असेल तर दर हंगामाआधी किती फूट बदलला ते एका ओळीत लिहा. स्टेशनच्या भिंतीवर खडूने लिहिलंत तरी चालेल. आणि तिसऱ्या टेकडीवरचा तो ब्रेक काढा. खाली नव्या फळ्या घातल्यावर त्याचं तिथे काही काम नाही.

ट्रॅक बदलून जुना जाणारच असेल तर सांगाड्याचं काय, तेही बोला. टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोला १९४७ साली बांधलेला रॉकेट बंद पडल्यावर त्याची लाकडं खुणा करून उतरवली, पेनसिल्व्हेनियातल्या कनोबल्स उद्यानात नेली आणि १९८५ साली फीनिक्स नावाने तो पुन्हा उभा राहिला. लीप-द-डिप्स १९८५ ला बंद झाला होता, लोकांनी धडपड करून १९९९ ला चालू करवला. तेव्हा "आता काही होऊ शकत नाही" हे उत्तर मी घेणार नाही.

उद्घाटनाची तारीख महिना-वर्षापुरती तरी द्या. पुढे ढकलावी लागली तर ढकला, कारण सांगा, आम्ही थांबू.

आणि या पत्राला माणसाने लिहिलेलं उत्तर द्या. चार ओळी चालतील.

आपली,
शेवटच्या डब्यातली, डाव्या बाजूची

ता. क. दहा पावलांवर पडलेली ती फळी अजून जाळीच्या आत तशीच आहे, मी मागच्या आठवड्यात पाहिली. उतरवलेल्या फळ्या टाकून देणार असाल तर ती मला द्या. वाहून न्यायची सोय मी करते, खिळेसुद्धा मीच काढीन.